टाकी भरली, तरी इंजिन का रुसतं?

या वेळी सुरुवात एका कोड्यानं करू या.

बाबांची स्कूटर रस्त्यात बंद पडते. बघितलं, तर पेट्रोल संपलेलं! बाबा स्कूटर ढकलत पंपावर नेतात, पेट्रोल भरतात, दोन-चार किका मारतात आणि स्कूटर फुर्रकन सुरू होते. आता दुसरं चित्र बघा. काकांचा ट्रॅक्टर शेतात बंद पडतो. त्यातलंही डिझेल संपलेलं असतं. कुणीतरी सायकलवरून कॅन घेऊन येतं, टाकीत दहा लिटर डिझेल पडतं, काका किल्ली फिरवतात. घर्र घर्र घर्र... आणि पुन्हा शांतता! पुन्हा किल्ली, पुन्हा घर्र घर्र. शेवटी बॅटरी उतरते, पण ट्रॅक्टर काही सुरू होत नाही. मग बांधावरून कुणीतरी अनुभवी माणूस म्हणतो, "अरे, त्यानं एअर घेतलीय. पाना आण."

आता सांगा बरं, स्कूटरनं का नाही एअर घेतली? आणि हवा तर आपल्या चहूकडे आहे. इंजिनाला ती लागतेच. मग तीच हवा चुकीच्या जागी गेली की एवढं मोठं धूड गप्प का बसतं?

तुम्ही म्हणाल, "आमच्या घरी कुठे ट्रॅक्टर आहे?" नसू दे. तुमच्या सोसायटीत जनरेटर असेल, तुम्ही एस.टी.नं मामाच्या गावाला जात असाल, आणि द्राक्षं तर तुम्ही नक्की खात असाल! या सगळ्यांशी आजच्या गोष्टीचा संबंध आहे. द्राक्षांशी कसा, ते आधी सांगतो.

निफाडची थंडीची रात्र

नाशिकपासून पूर्वेला साधारण चाळीस किलोमीटरवर निफाड आहे. थंडीच्या दिवसांत वर्तमानपत्रात 'निफाड गारठले' अशी बातमी तुम्ही वाचली असेल. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात रोजचं तापमान नोंदवलं जातं, आणि काही वर्षी पारा ५ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. महाबळेश्वरपेक्षा निफाडला जास्त थंडी, असंही कधीकधी घडतं.

नेमक्या याच दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत, बागेतल्या द्राक्षांच्या मण्यांत पाणी उतरायला लागलेलं असतं. म्हणजे मणी मऊ होतात, त्यात गोडी भरू लागते. अशा वेळी कडाक्याची थंडी पडली, तर मण्यांना तडे जाण्याची भीती असते. तडकलेला मणी निर्यातीला चालत नाही, बाजारातही त्याला भाव मिळत नाही. ऑक्टोबरच्या छाटणीपासून केलेली मेहनत आणि घातलेला पैसा एका रात्रीत पणाला लागतो.

म्हणून शेतकरी पहाटे उठून दोन गोष्टी करतात. बागेत जागोजागी शेकोट्या पेटवतात आणि विहिरीचं पाणी बागेला सोडतात. हिवाळ्यात पहाटे विहिरीच्या पाण्याला हात लावून बघा, ते कोमट लागतं. जमिनीच्या पोटातलं पाणी बाहेरच्या गार हवेइतकं थंड झालेलं नसतं. ते बागेत फिरलं की जमिनीला आणि वेलींच्या आसपासच्या हवेला थोडी ऊब मिळते.

आता समजा, पहाटेचे तीन वाजलेत. वीज गेलीय. शेतकरी काकांनी डिझेलचं इंजिन लावून पाणी सुरू केलंय. आणि इंजिन आचके देत बंद पडतं. टाकी रिकामी! घरात कॅनमध्ये डिझेल आहे. ते आणून भरलं, तरी इंजिन रुसलेलंच. सूर्य उगवायला अजून चार तास आहेत आणि सगळ्यात जास्त थंडी तर पहाटेच पडते. अशा वेळी 'एअर काढता येणं' ही काही साधीसुधी गोष्ट राहत नाही. ज्याला ती येते, त्याची बाग पंधरा मिनिटांत पुन्हा भिजू लागते. ज्याला येत नाही, तो मेकॅनिकची वाट बघत बसतो.

आधी हा प्रयोग करा

एअर घेणं म्हणजे काय, ते समजायला औषधाच्या दुकानातून ५ मिलिलिटरची एक नवी सिरिंज आणा. सुई मात्र आणायची नाही, नुसती पिचकारी हवी.

पहिला प्रयोग : सिरिंजमध्ये पूर्ण पाणी भरा. आत एकही बुडबुडा ठेवू नका. आता पुढचं तोंड अंगठ्यानं घट्ट बंद करा आणि दट्ट्या दाबा. काय झालं? दट्ट्या हलतच नाही! जणू आत दगड भरलाय. पाणी दाबून लहान होत नाही, ते तुमचा सगळा जोर जसाच्या तसा पुढे पोचवतं. अंगठा जरा सैल केलात, तर पाण्याची धार थेट भिंतीवर जाईल. (आईची परवानगी घेतली आहे ना?)

दुसरा प्रयोग : आता सिरिंजमध्ये नुसती हवा भरा. तोंड बंद करून दट्ट्या दाबा. दट्ट्या चांगला निम्म्यापर्यंत आत जातो. आणि सोडून दिलात, तर? टुणकन परत येतो. हवा स्प्रिंगसारखी वागते. दाबलं की आक्रसते, सोडलं की फुगते.

तिसरा प्रयोग सगळ्यात महत्त्वाचा. ४ मिलिलिटर पाणी आणि १ मिलिलिटर हवा अशी भरती करा. तोंड बंद करा आणि दाबा. दट्ट्या थोडा आत जातो, पाणी जागचं हलत नाही, नुसता बुडबुडा लहान होतो. सोडलं की बुडबुडा मोठा. दाबा, लहान. सोडा, मोठा. तुमचा सगळा जोर त्या एका बुडबुड्यानं खाऊन टाकला!

झालं! डिझेल इंजिनाचा आजार तुमच्या हातात आहे. आता त्याच्या पोटात काय चालतं ते बघू.

अर्ध्या थेंबाचा हिशोब

रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनिअरनं १८९३ साली या इंजिनाचं पेटंट मिळवलं आणि १८९७ साली ऑग्सबर्ग या गावी ते नीट चालवून दाखवलं. त्याची युक्ती अशी होती : सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, हे तुम्हांला माहीत आहेच. हवा दाबली की तापते. डिझेलनं सिलिंडरमधली हवा पिस्टननं इतकी दाबली, की ती मूळ जागेच्या पंधराव्या-विसाव्या भागात कोंबली गेली. तिचं तापमान ५०० अंशांच्या वर गेलं. अशा तापलेल्या हवेत इंधनाचा फवारा मारला की ते आपोआप पेटतं. ठिणगी नको, स्पार्क प्लग नको.

पण इथे एक अडचण आहे. सिलिंडरमध्ये आधीच जोरात दाबलेली हवा बसलीय. तिच्यात डिझेल घुसवायचं, तर त्याहून कितीतरी जास्त जोर लावायला हवा. शिवाय नुसती धार चालत नाही, धुक्यासारखा बारीक फवारा लागतो. हे काम दोघं जण करतात. एक इंजेक्शन पंप आणि दुसरा इंजेक्टर. पंपात एक छोटा दट्ट्या असतो, अगदी तुमच्या सिरिंजसारखा. इंजेक्टरच्या टोकाला नोझल असतं आणि त्यात एक सुई घट्ट स्प्रिंगनं दाबून धरलेली असते. मागून डिझेलचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण २०० किलो एवढा झाला, तरच ही सुई उचलली जाते आणि फवारा उडतो. २०० किलो म्हणजे तुमच्या वर्गातली सहा-सात मुलं एका बोटाच्या नखावर उभी राहिली, असं समजा!

आता थोडं गणित करू. घाबरू नका, पाचवीचं गणित आहे. पाच अश्वशक्तीचं शेतातलं इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण १ लिटर १०० मिलिलिटर डिझेल पितं. ते मिनिटाला १५०० फेरे घेतं आणि दर दोन फेऱ्यांना एकदा फवारा उडतो. म्हणजे मिनिटाला ७५० फवारे, तासाला ४५,०००. आता ११०० मिलिलिटरला ४५,००० नं भागा. उत्तर येतं, साधारण ०.०२४ मिलिलिटर. औषधाच्या ड्रॉपरमधून पडणारा एक थेंब ०.०५ मिलिलिटरचा असतो. म्हणजे एका वेळी जेमतेम अर्धा थेंब डिझेल!

सेकंदाला बारा वेळा, दर वेळी अर्धा थेंब, २०० किलोच्या दाबानं. आता यात हवेचा बुडबुडा शिरला, तर काय होईल?

बॉइलचा नियम तुम्ही वरच्या वर्गात शिकाल. रॉबर्ट बॉइलनं १६६२ साली तो मांडला. दाब दुप्पट केला की हवेची जागा निम्मी होते. दाब २०० पट करायचा, तर १ मिलिलिटरचा बुडबुडा दोनशेवा भाग होईपर्यंत, म्हणजे अगदी टाचणीच्या डोक्याएवढा होईपर्यंत दाबावा लागेल. पंपाचा बिचारा छोटा दट्ट्या एका वेळी त्याच्या निम्मीही जागा ढकलू शकत नाही. तो दाबतो, बुडबुडा आक्रसतो. तो मागे येतो, बुडबुडा फुगतो. दाबतो, आक्रसतो. मागे येतो, फुगतो. २०० किलोचा दाब काही होत नाही, सुई काही उचलली जात नाही. किल्ली तासभर फिरवा, नाहीतर दिवसभर!

आणि यातली खरी मेख आता बघा. इंजेक्टर हे बुडबुड्यासाठी बंद दार आहे. त्या दाराची किल्ली म्हणजे दाब. आणि बुडबुडा आत असला की दाब तयारच होत नाही. म्हणजे बुडबुड्याला बाहेर जायचं, तर बुडबुडा आधी बाहेर गेलेला हवा! म्हणून हे इंजिन पुष्कळदा आपलं आपण बरं होत नाही. कुणीतरी दुसरं दार उघडून द्यावं लागतं.

स्कूटरला का नाही होत?

जुन्या स्कूटरमध्ये पेट्रोल टाकीतून कार्ब्युरेटरच्या वाटीत नुसतं उतरतं. वाटीला वर हवेचं भोक असतं. नळीत बुडबुडा असला, तर तो सरळ वर येतो आणि निघून जातो. वाटीतलं पेट्रोल इंजिन स्वतःच हवेबरोबर ओढून घेतं. तिथे २०० किलोचा दाब लागतच नाही.

१ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बी.एस. ६ नियम लागू झाले आणि नव्या दुचाक्यांमध्ये बहुतेक ठिकाणी कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल इंजेक्शन आलं. पण तिथला इंजेक्टर विजेवर उघडतो, दाबावर नाही. त्यामुळे हवा त्याच दारानं बाहेर पडते. मात्र या गाड्यांचा छोटा विजेचा पंप टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोलच त्याला गार ठेवतं. म्हणून टाकी कोरडी पडू देणं त्यांनाही मानवत नाही, बरं का!

एअर काढतात कशी?

आता बांधावरचा तो अनुभवी माणूस पाना घेऊन काय करतो, ते बघू. तुम्ही बघायचं, करायचं मोठ्यांनी. पण बॅटरी (टॉर्च) धरायला आणि नीट लक्ष ठेवायला तुमच्यासारखा मदतनीस हवाच!

टाकीपासून इंजिनापर्यंत डिझेलचा प्रवास असा असतो : टाकी, मग खालचा कॉक, मग हलका दाब देणारा फीड पंप, मग एक किंवा दोन फिल्टर, मग इंजेक्शन पंप, मग जाड भिंतींची लोखंडी नळी, आणि शेवटी इंजेक्टर. या वाटेवर फिल्टरच्या डोक्यावर आणि इंजेक्शन पंपावर छोटे स्क्रू असतात. हीच ती 'दुसरी दारं'.

पहिली गोष्ट, डिझेल गाळून भरायचं आणि थोडा वेळ थांबायचं. घाई का नको? टाकीच्या तळाशी गाळ आणि पाणी साठलेलं असतं. टाकी संपताना इंजिन नेमकं तेच ओढतं आणि वरून नवं डिझेल ओतलं की उरलेला गाळही ढवळला जातो. दहा मिनिटं थांबलं की तो खाली बसतो. फिल्टर गाळानं भरला असेल, तर तो बदलावा लागतो. नाहीतर कितीही एअर काढा, उपयोग नाही.

दुसरी गोष्ट, कॉक उघडा आहे ना, ते बघायचं. हसू नका! पुष्कळदा तोच बंद असतो.

तिसरी गोष्ट, टाकीच्या जवळच्या फिल्टरवरचा स्क्रू पान्यानं थोडा सैल करायचा आणि फीड पंपावरचा हातपंप (त्याला 'प्रायमर' म्हणतात) दाबत राहायचं. स्क्रूतून आधी फुसफुस आवाज येतो, मग साबणाच्या फेसासारखं फेसाळ डिझेल येतं, मग मधूनमधून बुडबुडे. आणि शेवटी बुडबुड्याविना सलग, स्वच्छ धार. धार सलग झाली की हातपंप दाबता दाबताच स्क्रू आवळायचा. आधी हात थांबवून मग आवळला, तर हवा पुन्हा आत शिरते. इथे दोन जण असले की काम सोपं. एक दाबतो, एक आवळतो.

चौथी गोष्ट, हेच दुसऱ्या फिल्टरवर आणि मग इंजेक्शन पंपावर करायचं. क्रम मात्र टाकीकडून इंजिनाकडे. उलटं केलं तर? पुढची हवा काढाल आणि मागची पुन्हा पुढे येऊन बसेल. केर काढतानासुद्धा आपण दाराकडेच झाडत जातो ना, तसंच!

शेतातल्या लहान इंजिनांची टाकी बहुधा इंजिनाच्या वरच असते. तिथे हातपंपाची गरज नसते. स्क्रू सैल केला की डिझेल आपल्या वजनानंच खाली येतं आणि हवेला बाहेर ढकलतं.

पाचवी गोष्ट, सांडलेलं डिझेल पुसून घ्यायचं आणि मग स्टार्टर मारायचा. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नाही. मग निदान अर्धा मिनिट विश्रांती. स्टार्टर तापला आणि बॅटरी उतरली, तर एकाच्या जागी दोन दुखणी! इंजिन आधी अडखळतं, पांढरा धूर सोडतं. तो न जळलेल्या डिझेलचा असतो. मग उरलासुरला बुडबुडा निघून जातो आणि आवाज एका लयीत येतो. धक् धक् धक् धक्! पहाटे बागेत हा आवाज ऐकू आला की घरातलं प्रत्येक माणूस सुटकेचा श्वास टाकतं.

नाशिकची नोझलं

नाशिककरांनो, यात तुमच्या अभिमानाची एक गोष्ट आहे. शहरातलं मायको सर्कल तुम्हांला माहीत असेल. 'मायको' म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी. ती १९५१ साली बंगळुरूत सुरू झाली आणि २००८ पासून तिचं नाव बॉश लिमिटेड आहे. तिच्या सातपूरच्या कारखान्यात डिझेल इंजिनांचे इंजेक्टर आणि नोझलं बनत आली आहेत. म्हणजे कुठल्या तरी दूरच्या गावात धडधडणाऱ्या ट्रॅक्टरच्या पोटात नाशिकच्या कामगारांचं कसब असू शकतं.

ते कसब केवढं, माहीत आहे? नोझलमधली सुई आणि तिचं घर यांच्यामधली फट दोन-चार मायक्रॉनची असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्यावरचा एक केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो! एवढ्या बारीक फटीत धुळीचा एक कण शिरला, तरी सुई अडकते. म्हणून तर डिझेल गाळून भरायचं आणि फिल्टर वेळेवर बदलायचा. शिवाय डिझेल हेच या सुईचं आणि दट्ट्याचं वंगण असतं. कोरडं फिरलं की ते घासले जातात. टाकी कोरडी पडल्यावर नुसतीच किल्ली फिरवत राहणं म्हणूनच वाईट.

हाच आजार आणखी कुठे कुठे?

एकदा ओळख पटली, की हा बुडबुडा तुम्हांला सगळीकडे भेटेल. विहिरीवरच्या विजेच्या पंपानं 'पाणी सोडलं', असं शेतकरी म्हणतात. मोटर फिरते, पण पाणी येत नाही. पंपाच्या पोटात हवा शिरलेली असते. हवा पाण्यापेक्षा सुमारे ८०० पट हलकी, त्यामुळे पंखा तिला कितीही फिरवो, खालचं पाणी ओढण्याइतका जोर येत नाही. मग वरून बादलीनं पाणी ओतून पंप भरतात. जुन्या हापशात तांब्याभर पाणी ओतल्यावरच पाणी येतं, त्याचंही कारण याच जातीचं. दवाखान्यात सिस्टर इंजेक्शन देण्याआधी सिरिंज उभी धरून टिचकी मारतात आणि बुडबुडा काढून टाकतात, ते तुम्ही पाहिलंच असेल.

आणि दूर अमेरिकेतसुद्धा! तुमच्यापैकी कुणाचे मामा-मावशी बॉस्टनच्या बाजूला राहत असतील, तर त्यांना पत्र लिहून विचारा. तिकडे हिवाळ्यात पारा शून्याच्या खूप खाली जातो. पुष्कळशा जुन्या घरांच्या तळघरात तेलावर चालणारा बॉयलर असतो. त्याचं तेल म्हणजे आपल्या डिझेलचा सख्खा भाऊ. साधारण हजार लिटरची टाकी, तिच्यातून तेल बर्नरमध्ये येतं, नोझलमधून फवारा उडतो, विजेच्या ठिणगीनं पेटतो आणि तापलेलं पाणी नळ्यांतून घरभर फिरतं. तेल संपलं की घर गारठतं. फार वेळ गेला, तर नळ्यांतलं पाणी गोठून नळ्या फुटतात. निफाडच्या मण्यांसारख्याच!

टाकी पुन्हा भरली, तरी तिथेही नळीत हवा अडकलेली असते. तिथला दाब आपल्या इंजिनापेक्षा खूप कमी, दर चौरस सेंटिमीटरला साधारण सात किलो. पण फेसाळ तेलाची ज्योत लुकलुकते, ज्योतीवर नजर ठेवणाऱ्या 'डोळ्या'ला ती दिसत नाही आणि बर्नर बंद होतो. उपाय तोच. पंपावरचा स्क्रू सैल करायचा, त्याला नळी लावून ती बाटलीत सोडायची आणि फेस जाऊन सलग धार आली की स्क्रू आवळायचा. त्या बर्नरवर पुन्हा सुरू करायचं एक लाल बटण असतं. ते सारखं सारखं दाबायचं नसतं. न जळलेलं तेल आत साठत जातं आणि एकदम पेटलं की भडका उडतो. नुसती किल्ली फिरवत राहू नका आणि नुसतं बटण दाबत राहू नका. दोन्हीकडचा धडा एकच, आधी कारण शोधा.

हे मात्र कधीही करू नका

इंजिन चालू असताना जाड लोखंडी नळीजवळ हात नेऊ नका. तिथून उडणारी केसाएवढी बारीक धारसुद्धा कातडीतून आत घुसते. वरून नुसता टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, पण आत डिझेल पसरलेलं असतं. असं कुणाला झालं, तर दुखत नसलं तरी ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं. हे वाक्य आईबाबांनाही वाचून दाखवा.

नव्या गाड्यांत आणि काही नव्या ट्रॅक्टरांत दाब २०० किलोऐवजी हजार-दोन हजार किलोपर्यंत जातो. तिथे संगणक असतो आणि ठराविक दाब तयार झाल्याशिवाय तो इंजेक्टर उघडूच देत नाही. अशा इंजिनाच्या दाबाच्या नळ्या घरी सोडायच्याच नाहीत. गाडीबरोबरच्या पुस्तकात लिहिलं असेल तेवढंच करायचं, बाकी मेकॅनिकचं काम.

आणि अंधारात डिझेलजवळ काडी पेटवून बघायचं नाही. बॅटरी घ्या. शेकोटीही लांबच बरी.

तहान लागल्यावर विहीर?

सगळ्यात चांगला इलाज कोणता, सांगू? टाकी संपूच न देणं! थंडीच्या दिवसांत संध्याकाळीच टाकी भरून ठेवावी. अर्धी रिकामी टाकी रात्री गार पडली की आतल्या दमट हवेचं पाणी होऊन ते तळाशी साठतं. भरलेल्या टाकीत हवाच कमी, म्हणून पाणीही कमी. टाकीवर काटा नसेल, तर खुणा केलेली स्वच्छ काठी पुरते. मघाशी केलेलं गणित आठवतं ना? तासाला सुमारे १ लिटर १०० मिलिलिटर. मग रात्री दहापासून सकाळी सातपर्यंत इंजिन चालवायचं असेल, तर किती डिझेल हवं? हा हिशोब घरात तुम्हीच करून द्या. नऊ तासांचे जवळजवळ दहा लिटर, आणि वर दोन-तीन लिटर हाताशी. झोपण्यापूर्वीच्या या दोन मिनिटांच्या हिशोबावर कुणाची तरी वर्षभराची बाग अवलंबून असू शकते.

पालकांनो, तुमच्याकडे एक विनंती. पुढच्या वेळी इंजिन, पंप किंवा मिक्सर उघडाल, तेव्हा "तू लांब हो" असं म्हणण्याऐवजी मुलाला आणि मुलीलाही सुरक्षित अंतरावर शेजारी उभं करा. कुठला स्क्रू कशासाठी आहे, ते बोलत बोलत दाखवा. एअर काढायला शिकलेली मुलगी पहाटे तीन वाजता घरातली सगळ्यात उपयोगी माणूस ठरू शकते!

आणि बालमित्रांनो, हे या आठवड्याचं कोडं. सिरिंजमध्ये पाणी आणि एक बुडबुडा घ्या. सिरिंज आधी तोंड वर करून धरा, मग तोंड खाली करून धरा. दर वेळी दट्ट्या हळूच दाबून बुडबुडा बाहेर काढायचा प्रयत्न करा. कुठल्या वेळी तो आधी निघतो आणि का? आता यावरून सांगा, एअर काढायचा स्क्रू फिल्टरच्या तळाशी न ठेवता डोक्यावर का ठेवला असेल? उत्तर वहीत चित्र काढून लिहा. पुढच्या आठवड्यात भेटू, तेव्हा ताडून बघू.